सायकलची चेन – मोठे दाते की लहान दाते, जोर नक्की कुठे जातो? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. रोज राजेंद्रनगरहून राऊपर्यंत सायकल, तिथून पीथमपूरला कंपनीची बस. सायकल गियरची, पुढच्या चकत्यांना 48-38-28 दाते, मागच्यांना 14 ते 28.

समोरून वारा असला की मी पुढे 28 मागे 14 टाकायचो. परवा सहज पुढे 48 मागे 24 टाकून बघितलं, गुणोत्तर दोन्हीकडे 2च, तरी पाय हलका वाटला, आणि चेनची ती खर्रखर्र पण कमी झाली. वाचून एवढं कळलंय की कडी दात्यावर चढताना-उतरताना पिनेवर वळते आणि तिथेच जास्त घासते. 14 दात्यांवर ती जवळजवळ 26 अंश वळते, 24 वर 15च, म्हणजे मोठे दाते चांगले हे पटलं. पण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या टीमने 1999च्या सुमारास मोजलं त्यात चेनचा ताण जास्त तर एफिशियन्सीही (पायाच्या जोरातला किती भाग मागच्या चाकापर्यंत पोचतो ते) जास्त निघाली, सगळ्यात चांगली 98.6 टक्के आणि वाईट 81. आता पुढे मोठी प्लेट (जास्त दात्यांची चकती) टाकली की तेवढ्याच जोराला ताण कमीच होणार ना? मग फायदा मोठ्या दात्यांचा धरायचा की तोटा कमी ताणाचा? इथेच गाडी अडलीय.

दुसरं म्हणजे स्पायसर यांच्या टीमला तेलाने फारसा फरक दिसला नाही, पण ती लॅबमधली स्वच्छ चेन. आपल्याकडे पावसात काळ्या मातीचा चिखल उडतो, वाळला की कड्यांमध्ये बारीक भुकटी बसते, बोटावर घेतली तर करकर लागते. बाबांच्या जुन्या सायकलला पूर्ण चेन कव्हर आहे, तिची चेन आतून अजून तेलकट काळी चकचकीत, आणि माझी दोन पावसाळ्यांत लांबली. पट्टी लावून मोजली, 12 इंचाला बरोबर एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त भरतेय. अर्धा सूत वाढली की बदलावी म्हणतात, म्हणजे मी उशीरच केला. दुकानवाले दादा म्हणाले नुसती चेन बदला, पण मला भीती वाटते नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर (मागच्या चाकाच्या दात्यांच्या चकत्यांवर) जोर लावला की सटकेल. दोन्ही एकदम बदलू का? आणि चिखलात तेल टाकावं की मेण, इथे माळव्यात कोणी वापरून बघितलंय का? राऊच्या चढावर रोज दम जातो, म्हणून विचारतोय.