न्यूट्रॉनची जोडी न्यूट्रॉनशीच का, प्रोटॉनशी का नाही?

धुळेकर_एमएस्सी:
न्यूक्लियर फिजिक्सचा पेपर जवळ आलाय आणि एका ठिकाणी गाडी अडकलीय. ड्यूटेरॉनमध्ये (जड हायड्रोजनचं न्यूक्लियस, म्हणजे अणुकेंद्र) एक प्रोटॉन एक न्यूट्रॉन, २.२ एमईव्हीने (एनर्जीचं एकक) बांधलेले, आणि नुसते दोन न्यूट्रॉन तर एकमेकांना धरूनच ठेवत नाहीत, मग मोठ्या न्यूक्लियसमध्ये न्यूट्रॉन-न्यूट्रॉन, प्रोटॉन-प्रोटॉन अशाच जोड्या कशा काय? उलटं पाहिजे ना? नोट्समध्ये फक्त फॉर्म्युला आहे.

तापीकाठ:
प्रश्न भारी शे भाऊ. आधी जोडी म्हणजे दोघं चिकटून बसलेत हे डोक्यातून काढ. दोघं एकाच ऑर्बिटमध्ये एकमेकांच्या उलट फिरतात, टोटल अँग्युलर मोमेंटम (फिरण्याचं माप) शून्य, त्यामुळे ओव्हरलॅप भरपूर होतो आणि कमी अंतराच्या फोर्सचा पूर्ण फायदा मिळतो. म्हणूनच इव्हन-इव्हन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत) न्यूक्लियसचा ग्राउंड स्टेट स्पिन, म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीच्या स्थितीतला टोटल अँग्युलर मोमेंटम, शून्यच. आता युरेनियम-२३८ घे, ९२ प्रोटॉन आणि १४६ न्यूट्रॉन. वरचे न्यूट्रॉन ज्या ऑर्बिटमध्ये आहेत तिथपर्यंत प्रोटॉन पोचलेलेच नाहीत, मग जोडीदार आणायचा कुठून? दोघांची संख्या सारखी असली की प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडीला वाव मिळतो, पॅलेडियम-९२ मध्ये (४६-४६) तशी चिन्हं दिसल्याचा रिसर्च पेपर २०११ला आला, त्यावर वाद अजून चालू आहे.

भुसावळ_जंक्शन:
मला तर हेलियमची रांगच सगळ्यात आवडते. हेलियम-४ (आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या) पक्का, ५ टिकतच नाही, पण अजून एक न्यूट्रॉन टाकला की ६ बांधला जातो, हाफ लाइफ (निम्मे विघटित व्हायला लागणारा वेळ) ०.८ सेकंद! ७ परत सुटतो, ८ परत बांधला जातो. आणि लिथियम-११ तर कमालच, लिथियम-१० बांधलेला नाही, दोन न्यूट्रॉनही नाहीत, तरी लिथियम-९ आणि ते दोघं असे तिघं एकत्र आले की टिकतात, फक्त ०.३७ एमईव्हीवर. ते दोन न्यूट्रॉन इतके लांब पसरतात की त्याला हेलो (halo, भोवतीचं वलय) म्हणतात. १९८५ला अमेरिकेत बर्कलीला फिजिसिस्ट तानिहातांच्या टीमने त्याचा मोठा आकार मोजला.

धुळेकर_एमएस्सी:
आता डोक्यात बसलं, ऑर्बिटचा विचारच केला नव्हता. पण जोडीमुळे मिळणारी ही एनर्जी एवढी छोटी, नेहमीच्या न्यूक्लियसमध्ये तिने काय फरक पडतो?

तापीकाठ:
खूप पडतो. युरेनियम-२३५ ने न्यूट्रॉन घेतला की त्यातल्या एकट्या उरलेल्या न्यूट्रॉनची जोडी पूर्ण होते, सुमारे ६.५ एमईव्ही मिळतात, २३८ ला फक्त ४.८ च्या आसपास. फिशनचा (न्यूक्लियस फुटण्याचा) बॅरियर, म्हणजे त्यासाठी लागणारी एनर्जी, साधारण ६ एमईव्ही, म्हणून स्लो न्यूट्रॉनने २३५ फुटतो, २३८ सहसा नाही.