प्रजाती, जाती की प्रकार? (ॲडेनोव्हायरसच्या निमित्तानं)

चौकस
मानवी ॲडेनोव्हायरसवरचा (सर्दी-खोकला, डोळे येणं असले आजार करणारा विषाणू) एक लेख मराठीत आणतोय. स्पीशीज सात, त्याखाली शंभरावर टाइप. मराठी बातम्यांत कुठे 'प्रजाती', कुठे 'स्ट्रेन', कुठे 'वाण'. 'सीरोटाइप'ला 'रक्तद्रव प्रकार' चालेल का?

सूक्ष्मदर्शी
शाळेतली उतरंड आठवा: कुल, प्रजाती, जाती. म्हणजे मास्टॲडेनोव्हायरस ही प्रजाती आणि ए ते जी या तिच्यातल्या सात मानवी जाती. स्पीशीजला 'प्रजाती' म्हणणं हे हिंदीचं वळण.

'सीरोटाइप' मात्र सरसकट वापरू नका. पहिले 51 प्रकार प्रतिपिंडांच्या चाचणीनं ठरले. ओळखीच्या प्रकाराविरुद्धच्या प्रतिपिंडांनी विषाणू निकामी झाला तर तोच, नाही झाला तर नवा. 52 वा प्रकार 2007 मध्ये आला तो जनुकक्रम वाचून, आणि पुढचेही तसेच. त्यांना 'रक्तद्रव प्रकार' कसं म्हणणार? नुसतं 'प्रकार' पुरे.

फरक किरकोळ नाही. जुनी चाचणी मुख्यतः हेक्सॉन या कवचप्रथिनाकडे बघते. विषाणूचा जीनोम (सगळा जनुकसंच) साधारण 34 ते 36 हजार बेसजोड्यांचा, त्यात हेक्सॉनच्या जनुकाचा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी. 53 वा प्रकार घ्या, पुनःसंयोजनातून, म्हणजे तुकड्यांच्या अदलाबदलीतून झालेला: हेक्सॉन 22 चं, पेंटॉन या दुसऱ्या कवचप्रथिनाचा पाया 37 चा, कवचातून बाहेर आलेला तंतू 8 चा. हेक्सॉन बघून निकाल दिला तर हा '22' ठरेल. पण त्यानं डोळे येतात, पारपटलावर (बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर) ठिपके पडतात, म्हणजे वागणं 8 आणि 37 सारखं.

टोपीवाला
मग 'संकरित' म्हणा की राव! 'पुनःसंयोजन' म्हणताना जीभ अडखळते. आणि 'वाण' म्हटलं की मला संक्रांतच दिसते.

सूक्ष्मदर्शी
संकर म्हटलं की वाचक निम्मं आईचं, निम्मं बापाचं धरतो. 55 वा प्रकार बघा: जवळजवळ सगळा 14 चा, हेक्सॉनचा तुकडा तेवढा 11 चा. (पूर्वी त्याला '11 ए' म्हणत, तेही हेक्सॉनच्याच भरवशावर.) जीभ अडखळली तरी 'पुनःसंयोजन'च ठेवा. एकाच पेशीत दोन प्रकार शिरले की नक्कल होताना डीएनएचे तुकडे इकडचे तिकडे जोडले जातात. डी जातीत हे फार चालतं, म्हणून सर्वाधिक प्रकार तिच्यातच. याला 'उत्परिवर्तन' लिहू नका, ते डीएनएतल्या अक्षरबदलासाठी राखून ठेवा. फ्लूचं आणखी निराळं. त्याच्या जीनोमचे आठ तुकडे मुळातच सुटे, ते पत्त्यांसारखे पिसले जातात. तिथे 'पुनर्विन्यास'.

'स्ट्रेन' तसाच राहू द्या, लोकांना कळतो. 'वाण' ज्वारीला शोभतो.

चौकस
आभार, ताई. शेवटचं एक: 'ह्यूमन ॲडेनोव्हायरस ई' याचं 'माणसाला होणारा' असं केलं तर?

सूक्ष्मदर्शी
नको, तिथेच गोची आहे. ई जातीत माणसाचा मानला जाणारा प्रकार एकच, 4 था. त्याचे जवळचे भाऊबंद चिंपांझींकडे सापडतात, आणि तोही मुळात तिकडूनच आपल्याकडे आला असं जीनोमवरून दिसतं. पुण्यात बनलेल्या कोविशील्डमधला वाहक विषाणू चिंपांझीचा, पण वर्गीकरणात याच जातीतला. 'मानवी ॲडेनोव्हायरस ई' असंच ठेवा, 'मानवी' हा नावाचा भाग आहे. वाटल्यास तळटीप द्या.