मदत हवी आहे: कमी ढगांत क्लास डी ओलांडायचा कसा?

नमस्कार मंडळी,

इथे विमान उडवणारे थोडे असतील, पण जे आहेत त्यांनी कृपया सल्ला द्यावा. माझं पीपीएल (खाजगी वैमानिकाचा परवाना) अमेरिकेतलं, बहुतेक तासही तिथलेच. आता युरोपात उडवतोय. छोटं सिंगल इंजिन आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगात उपकरणांवर उडवायची परवानगी) नाही, त्यामुळे सगळा कारभार व्हीएफआरवर, म्हणजे बाहेर बघून उडवायच्या नियमांवर.

रेडिओचा फरक लवकर कळला. अमेरिकेत क्लास सी किंवा डीच्या (हे नियंत्रित आकाशाचे वर्ग) कंट्रोलरने माझा कॉलसाईन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेऊन नुसतं 'स्टँडबाय' म्हटलं तरी संपर्क झाला असं धरतात आणि आत जाता येतं. इथे स्पष्ट क्लिअरन्स (आत यायची परवानगी) मिळेपर्यंत सीमेबाहेरच घिरट्या. ठीक आहे, सवय होते.

अडलंय ते ढगांपाशी. तिकडे क्लास डीमध्ये ढगाखाली ५०० फूट अंतर पुरतं (क्लास बीत तर ढगाबाहेर असलं की झालं). इथे सेरा (युरोपचे सामायिक हवाई नियम) नियमांनुसार ढगापासून उभं १००० फूट, आडवं १५०० मीटर आणि दृश्यमानता ५ किमी.

आता हे बघा. वाटेत क्लास डीचा कंट्रोल झोन (विमानतळाभोवतीचं, जमिनीपासूनचं नियंत्रित आकाश) आहे, आत दाट वस्तीचं शहर. मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) म्हणतो बीकेएन ०१८, म्हणजे ढगाचा तळ १८०० फुटांवर. वस्तीवरून जाताना सर्वांत उंच अडथळ्याच्या वर १००० फूट हवेत. इमारत १५० फुटांची धरली तर ११५० च्या खाली उतरता येत नाही. अमेरिकेच्या हिशेबाने १३०० पर्यंत चढता येतं, म्हणजे १५० फुटांची फट तरी आहे. इथे ढगाखाली १००० सोडले की उरतात ८००. फटच नाही! आणि हवा म्हणाल तर खाली स्वच्छ, १० किमीच्या पलीकडचं दिसतंय.

क्लबातले जुने लोक म्हणतात, "ढगाबाहेर राहा, जमीन दिसू दे, बास." कोणाचं खरं?

प्रतिसाद १

गणित बरोबर आहे. जुन्यांचंही अगदीच खोटं नाही. डिसेंबर २०१४ पर्यंत सेरा सगळीकडे लागू करायचं होतं. त्याआधी काही ठिकाणी कमी उंचीवर, कमी वेगाला तेवढंच पुरायचं. सवलती देशागणिक वेगळ्या, म्हणून त्या देशाच्या एआयपीत (अधिकृत हवाई माहितीपुस्तिका) ईएनआर १.२ हा व्हीएफआरचा भाग वाचा. क्लबातल्या चहावर विसंबू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर स्पेशल व्हीएफआर, म्हणजे नेहमीची अंतरं जमत नसताना कंट्रोलरच्या खास परवानगीने व्हीएफआर. ढगाबाहेर, जमीन दिसत, दृश्यमानता किमान १५०० मीटर, वेग १४० नॉट किंवा कमी, आणि साधारणपणे फक्त दिवसा. मात्र तो कंट्रोल झोनमध्येच मिळतो. वरच्या टीएमएत (झोनच्या वरचं नियंत्रित आकाश) नाही.

धागाकर्ता

धन्यवाद! पण मग टॉवर स्वतःहून का देत नाही? साधा व्हीएफआर मागितला तर साधाच देऊन मोकळे होतात.

प्रतिसाद २

कारण तुम्ही ढगापासून किती लांब आहात हे त्याला दिसत नाही. त्याच्याकडे विमानतळावरचं निरीक्षण. सीलिंग (ढगांच्या तळाची उंची) १५०० फुटांखाली किंवा जमिनीवरची दृश्यमानता ५ किमीखाली गेली की त्यालाही कळतं की साधा व्हीएफआर बसत नाही. तुमचे १८०० नेमके मधल्या पट्ट्यात पडतात: त्याच्या कागदावर सगळं ठीक, तुमच्या काचेतून नाही. ते अंतर सांभाळायची जबाबदारी तुमची, म्हणून मागायचंही तुम्हीच.

आणि मागितलं की लगेच मिळेल असं धरू नका. क्लास डीत साध्या व्हीएफआर विमानाला आयएफआरपासून (उपकरणांवर उडणारी विमानं) वेगळं ठेवायचं काम त्याचं नसतं, तो फक्त वाहतुकीची माहिती देतो. स्पेशल व्हीएफआर झालात की आयएफआरपासून अंतर राखणं त्याच्या डोक्यावर. एखादं जेट अप्रोचवर (उतरायच्या मार्गावर) असेल तर तुम्हाला बाहेर थांबवणारच. तेवढं इंधन आणि वळसा घालून जायचा मार्ग निघतानाच ठरवून ठेवा.

अजून एक: वस्तीवरचे १००० फूट स्पेशल व्हीएफआरमध्येही सुटत नाहीत. तुमच्या उदाहरणात ११५० ते १८०० मिळतात, ते भरपूर आहेत. तळ १२०० वर आला तर क्लिअरन्स मिळूनही शहरावरून जाऊ नका, नदीकाठचा किंवा शेतांवरचा मार्ग मागा.

धागाकर्ता

हे कोणी इतकं सुटं करून सांगितलं नव्हतं. ईएनआर १.२ उघडलंय. झोनच्या सीमेआधी किती मिनिटं कॉल करता तुम्ही? मी पाच धरतोय.

प्रतिसाद २

स्पेशल मागायचा असेल तर दहा.