मदत हवी आहे : राहतं घर उत्पन्नात धरतात का?

मंडळी, श्रावणबाळ योजनेच्या (गरीब वृद्धांच्या सरकारी पेन्शनच्या) अर्जाबद्दल विचारायचं आहे. अर्जदार आजी ६८ वर्षांच्या, नावावर दोन खोल्या. भाडेकरू नाही, शेत नाही. अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची आहे, २१,००० रुपये. म्हणजे महिना १,७५०. चौकशीत घराचं नुसतं अंदाजे भाडं १,८०० धरलं, तरी वर्षाचे २१,६०० होतात आणि हातात छदाम न येता अर्ज बाद! आयकरातसुद्धा स्वतः राहत्या घराचं वार्षिक मूल्य शून्य धरतात. भाडं खरंच येत असेल तर जरूर मोजावं, पण विटा काही शिजवून खाता येत नाहीत. नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) आणि भाडेकरू नसल्याचं स्वयंघोषणापत्र जोडलंय. तलाठी अहवालात ‘पक्कं घर’ एवढाच शेरा आला, तर तहसीलदारांकडे लेखी काय मांडावं? अशा प्रकरणातला आदेश कुणाकडे असल्यास कृपया इथे टाका.