अनुभव धागा: आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल

मंडळी, ऑफिसात मेलसाठी आउटलुक नाहीतर थंडरबर्ड हे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना हे कधी ना कधी भोगावं लागतंच. सेंड दाबलं, खिडकी बंद झाली, आपण निर्धास्त, आणि संध्याकाळी समोरचा फोन करतो, "अहो मेल पाठवणार होतात ना?" बघावं तर तो आउटबॉक्समध्येच, म्हणजे जायचे मेल थांबतात त्या फोल्डरमध्ये. मोठ्या कंपनीत आयटीवाला असतो, पण पतसंस्थेत, शाळेच्या ऑफिसात, छोट्या पेढीत कोण असतं? बाहेरचा माणूस उद्या येतो म्हणतो आणि इथे काम आजचं असतं. म्हणून हा धागा. एकच विनंती, "बंद करून चालू केलं आणि झालं" एवढंच लिहू नका, स्क्रीनवर काय दिसत होतं आणि कशाने सुटलं ते लिहा. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, कारणं मात्र वेगवेगळी निघतात.

सुरुवात मीच करते. आमच्या बिलिंगमध्ये क्रोम चालतंय, टॅली चालतंय, फक्त मेल जात नाहीत आणि नवीन येतही नाहीत, सगळे राउटरपाशी जमलेले. शेवटी आउटलुकच्या अगदी खालच्या पट्टीकडे लक्ष गेलं, तिथे बारीक अक्षरात वर्किंग ऑफलाइन लिहिलेलं. सेंड/रिसीव्ह टॅबमध्ये वर्क ऑफलाइनचं बटण असतं, ते एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, कधीतरी चुकून दाबलं गेलेलं. बंद केलं आणि सगळे मेल भराभर गेले.

*

कोल्हापूर, सीएचं ऑफिस. सप्टेंबर म्हणजे टॅक्स ऑडिटचे दिवस, त्यात क्लायंटची रंगीत स्कॅन केलेली बिलं. फाईल १८ एमबीची, आमच्या सर्व्हरची मर्यादा २० एमबी, मग जायला काय हरकत आहे असं सगळ्यांना वाटायचं. पण मेलमधून जाताना अटॅचमेंटचं रूप बदलतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १८ चे झाले २४. तो मेल परत परत प्रयत्न करत बसतो आणि मागचे सगळे खोळंबतात. डिलीट करायला जावं तर म्हणतं मेसेज पाठवणं चालू आहे. अशा वेळी मुद्दाम वर्क ऑफलाइन करायचं, आउटलुक बंद करून उघडायचं, मग तो मेल ओढून ड्राफ्ट्समध्ये टाकायचा, आणि पुन्हा ऑनलाइन यायचं. आता आम्ही बिलं काळ्यापांढऱ्यात स्कॅन करतो, वाचायला काही अडत नाही.

*

वरच्या दोघांना धन्यवाद, यात एक भर. जुन्या आउटलुकमध्ये आउटबॉक्समधला जायला तयार असलेला मेल तिरक्या अक्षरात दिसतो. गेला का नाही बघायला म्हणून तो उघडला आणि नुसता बंद केला की अक्षरं सरळ होतात, आणि मग तो मेल जातच नाही, दिवसभर तिथेच पडून राहतो! आमच्या शाळेच्या ऑफिसात पंचायत समितीला जायची माहिती अशीच राहिली होती. उघडला असेल तर परत सेंड दाबूनच बाहेर यायचं.

*

चाकणला परचेसमध्ये आहे. मला सांगायचंय ते मेल अडकण्याबद्दल नाही, अडकल्यावर आपण काय करतो त्याबद्दल, आणि हे सगळ्यांनी मनावर घ्या ही कळकळीची विनंती. आमच्याकडे एक ऑर्डर आउटबॉक्समध्ये अडकली, मधल्या वेळात रेट बदलला, म्हणून सहकाऱ्याने नवीन रेटची ऑर्डर मोबाईलवरून पाठवली आणि विषय संपला असं सगळे धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू झालं, नेट आलं, आणि जुना मेल गेला. सप्लायरच्या हातात एकाच मालाच्या दोन ऑर्डर, शेवटची आलेली जुन्या रेटची, त्याने ती प्रमाण धरून माल कापायला घेतला. त्याची काही चूक नाही, त्याने तारीख-वेळ बघितली. निस्तरताना दोन्हीकडची माणसं दुखावली गेली, बरीच वर्षं जपलेले संबंध होते. तेव्हापासून नियम एकच, दुसरीकडून पाठवायचं असेल तर आधी आउटबॉक्समधला मजकूर कॉपी करून ठेवायचा, तिथला मेल काढायचा, आणि मगच मोबाईल हातात घ्यायचा. ही सवय प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी लावली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

*

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हाचं. लॅपटॉप ऑफिसचाच, घरच्या ब्रॉडबँडवर मेल येत होते पण जात नव्हते. येणारे आणि जाणारे मेल वेगवेगळ्या वाटेने जातात हे तेव्हा कळलं. सेटिंगमध्ये जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट (मेल ज्या दारातून जातो त्याचा नंबर) २५ होता, आणि स्पॅम रोखण्यासाठी बऱ्याच घरगुती कनेक्शनवर तो बंद ठेवतात. ५८७ केला, एन्क्रिप्शन (वाटेत कुणाला मजकूर वाचता येऊ नये म्हणून) टीएलएस निवडलं, आणि जाणाऱ्या सर्व्हरलाही नाव-पासवर्ड लागतो ती खूण केली. सुटलं.

*

दवाखान्याच्या रिसेप्शनला थंडरबर्ड आणि जीमेलचा पत्ता. रिपोर्ट पाठवताना पासवर्ड चुकीचा असं यायला लागलं, पासवर्ड तर बरोबर. ३० मे २०२२ पासून गूगलने नुसत्या नाव-पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमला लॉगिन देणं बंद करायला घेतलं त्याचा हा परिणाम. अकाउंट सेटिंगमध्ये ओऑथ२ (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता गूगलच्याच पानावर लॉगिन करायची पद्धत) निवडलं, गूगलची खिडकी उघडली, तिथे परवानगी दिली. ज्यांच्या जुन्या व्हर्जनमध्ये ते नसेल त्यांनी गूगल अकाउंटचं टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारं लॉगिन) चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड (त्या प्रोग्रॅमसाठी गूगल बनवून देतं तो वेगळा पासवर्ड) घ्यावा.

*

दुबईहून. आमच्याकडे प्रत्येक मेल पाच मिनिटं थांबवायचा रूल लावलेला असतो, चूक लक्षात आली तर मागे घेता यावा म्हणून, चांगली सोय आहे. पण तो रूल आपल्या मशीनवरच चालतो. सेंड दाबून लगेच लॅपटॉप मिटला की मेल उद्यावर. घाईचा असेल तर सेंट फोल्डरमध्ये दिसेपर्यंत थांबा.

*

अँटिव्हायरस किंवा एखादं अ‍ॅड-इन (आउटलुकला जोडलेला छोटा जास्तीचा प्रोग्रॅम) आड येतंय का हे बघायचं असेल तर कंट्रोल दाबून धरून आउटलुकच्या आयकॉनवर क्लिक करा, सेफ मोडमध्ये (जोडलेलं काही न घेता) उघडू का विचारतं. त्यात मेल गेले तर अ‍ॅड-इन एकेक करून बंद करत जायचं.

*

माझा प्रकार विचित्र होता, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. आउटबॉक्स पूर्ण रिकामा, तरी आउटलुक बंद करताना दर वेळी सांगायचं की आत न गेलेले मेसेज आहेत, आणि सेंड/रिसीव्हला एरर. आमच्या आयटीच्या मुलाने मायक्रोसॉफ्टच्याच एमएफसीमॅपी नावाच्या टूलने आत बघितलं तर एक रीड रिसीट (मेल वाचल्याची आपोआप जाणारी पोच) अडकलेली, ती आउटबॉक्समध्ये दिसतच नाही. त्याने ती काढली. ते टूल जाणकाराशिवाय वापरू नका, त्यातून डिलीट झालेलं कायमचं जाऊ शकतं. नंतर फाईल, ऑप्शन्स, मेल, ट्रॅकिंग इथे जाऊन रीड रिसीट कधीच पाठवू नको असं निवडून ठेवलं, त्यानंतर पुन्हा तसं झालेलं नाही.