मदत हवी आहे: परांचीवरचा क्लॅम्प आईच्या हातावर पडला, बिल्डरच्या कागदावर सही करावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पार्ले पूर्वेला राहतो. गल्लीत एका जुन्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. फूटपाथ पत्र्यांच्या आत गेलाय, त्यामुळे पत्रे आणि उभ्या रिक्षा यांच्यामधून वाट काढावी लागते. तीन आठवड्यांपूर्वी आई दळण घेऊन येत होती, तेव्हा वरून परांचीचा लोखंडी क्लॅम्प पडला. उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली, प्लेट घालावी लागली. हिरवी जाळी सातव्या मजल्यापर्यंतच होती, वरचे दोन मजले उघडे. फोटो आहेत. क्लॅम्पही आहे. एका रिक्षावाल्याने तो उचलून दळणाच्या पिशवीत टाकला, अजून पिठाने माखलेला घरी पडलाय.

आई 61 वर्षांची, घरी ब्लाउज शिवते. लग्नसराईच्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या.

पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली. दोन दिवसांनी बिल्डरचा माणूस 25 हजारांचं पाकीट आणि इंग्रजीत टाइप केलेला कागद घेऊन आला: यापुढे कुणाविरुद्ध काहीही मागणी नाही. आईचा हात गळ्यात, तर म्हणतो, ‘काकू, सही जमत नसेल तर अंगठा द्या.’ मी त्याला दार दाखवलं. तेव्हापासून बिल्डर म्हणतो साइट ठेकेदाराच्या ताब्यात आहे, ठेकेदार म्हणतो परांचीवाला वेगळा. सोसायटीचे सेक्रेटरी तर आईच्या ओळखीचे. म्हणाले, ‘वहिनी, काम थांबलं तर बिल्डर देतो ते आमचं भाडं बंद होईल.’ त्यांची अडचण कळते हो, तेही दोन वर्षं भाड्याच्या घरात आहेत. पण मग आईचा हात कुणाच्या खात्यात लिहायचा?

ग्राहक मंचात जाता येईल का? धरायचं कुणाला?

– शिवणवाली

प्रतिसाद: पारावरचा वकील

ग्राहक मंच नाही. आईने बिल्डरकडून काही विकत घेतलेलं नाही, ती वाटेने चाललेली बाई.

आधी एनसीचं बघा. हाड मोडणं ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125(ब), तीन वर्षांपर्यंत कैद. बांधकामात पुरेशी काळजी न घेणं हे वेगळं कलम, 290. दोन्ही दखलपात्र, म्हणजे एफआयआर व्हायलाच हवा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी हलले नाहीत तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार, मग मॅजिस्ट्रेटकडे. हॉस्पिटलच्या एमएलसीची (पोलीस प्रकरणासाठी केलेल्या वैद्यकीय नोंदीची) प्रत जोडा. क्लॅम्प धुऊ नका आणि पंचनाम्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही आजच मागा, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

भरपाईसाठी दिवाणी दावा. त्यात बिल्डर, ठेकेदार, परांचीवाला तिघांनाही प्रतिवादी करा. त्यांच्यातलं कोण किती देणार हे कोर्टापुढे त्यांनीच भांडावं, तुम्ही कशाला निवडत बसता? बिल्डरचं कागदोपत्री नाव महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं प्राधिकरण) साइटवर मिळेल.

प्रतिसाद: मुलुंडकर

हायकोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्यायला सांगितलंय ना? तिथेच अर्ज करा की.

प्रतिसाद: पारावरचा वकील

तो आदेश रस्त्यावरचे खड्डे आणि उघड्या मॅनहोलपुरता. वरून पडलेल्या क्लॅम्पला तो लावू नका, उगाच महिने जातील.

महापालिकेलाही दाव्यात ओढायचं असेल तर मात्र घाई करा. महापालिका कायद्याच्या कलम 527 प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत. फूटपाथवर पत्रे लावायची परवानगी होती का, हे वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकारात विचारा. फी 10 रुपये.

प्रतिसाद: गिरगावची सून

वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100. आईंची कमाई दाखवायला काही लेखी आहे का? बिल्डरचे वकील पहिल्यांदा तेच विचारतील.

शिवणवाली

आहे! आईची वही. 2009 पासून नाव, माप, शिलाई, आगाऊ, बाकी, सगळं तिच्या अक्षरात. सेक्रेटरी काकांच्या सुनेचे चार ब्लाउजही त्यात आहेत, दोनशे रुपये बाकी.

उद्या सकाळी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जाते. एकच विचारायचं राहिलं: वकीलपत्रावर सही लागेल ना? तिला अजून पेन धरता येत नाही.

पारावरचा वकील

डाव्या हाताचा अंगठा चालेल. कागद आधी मराठीत वाचून घ्या.