क्लेअर घराण्याची वाटणी : बहिणींचा हक्क, की राजाच्या मर्जीतल्या माणसांची सोय?

मोडीवाचक :

परवा एका सदस्याने येथे लिहिले की, ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर याची जमीन १३१७ साली त्याच्या तीन सख्ख्या बहिणींमध्ये समसमान वाटली गेली, आणि सातशे वर्षांपूर्वीचा इंग्रजी सरंजामी कायदा स्त्रियांच्या बाबतीत किती उदार होता याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. त्याखाली ‘अगदी खरे’, ‘डोळे उघडले’ अशा प्रतिक्रियांची रांग लागलेली पाहून राहवले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गिल्बर्ट २४ जून १३१४ रोजी स्कॉटलंडमध्ये बॅनॉकबर्नच्या लढाईत पडला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि त्याच्या मागे मूल नव्हते. एक मुलगा असता, मग तो पाळण्यातला का असेना, तर वेल्समधल्या ग्लामॉर्गनपासून इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या क्लेअरपर्यंतची सगळी जहागीर त्या एकट्याची झाली असती आणि एलिनॉर, मार्गारेट व एलिझाबेथ यांचे नावही कोणी काढले नसते. बहिणी वारस ठरल्या त्या पुरुष वारस संपला म्हणून. त्यात उदारता कसली?

दुसरे असे की, अर्ल १३१४ च्या जूनमध्ये मेला आणि वाटणी १३१७ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. मधल्या काळात वर्षाला अंदाजे ६,००० पौंड उत्पन्नाची ही मालमत्ता इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याच्या ताब्यात होती. मार्गारेट ही राजाच्या पूर्वीच्या लाडक्याची, पिअर्स गॅव्हस्टनची विधवा. तिचा विवाह २८ एप्रिल १३१७ रोजी राजाच्या मर्जीतल्या ह्यू ऑडलीशी झाला, आणि त्याच सुमारास दोनदा विधवा झालेली एलिझाबेथ तशाच मर्जीतल्या रॉजर डॅमरीच्या पदरात पडली. नवरे जागेवर बसले आणि काही महिन्यांत वाटणीचा मुहूर्त निघाला. कागदावर हिस्सा बहिणींचा होता, पण वेल्समध्ये पाहिले तर ग्लामॉर्गनमध्ये एलिनॉरचा नवरा ह्यू डिस्पेन्सर, न्यूपोर्टमध्ये ऑडली आणि अस्कमध्ये डॅमरी बसला. तारखा एकाखाली एक मांडून न पाहता दस्तावर मत देण्याची आपल्याकडची सवय मला जुन्या वतनांच्या निवाड्यांच्या बाबतीतही नेहमी खटकते.

तळटीप :

तारखा मांडायच्याच, तर सोयीच्या तेवढ्या मांडून थांबू नये. ह्यू डिस्पेन्सर धाकटा आणि एलिनॉर यांचा विवाह १३०६ सालचा, म्हणजे पहिला एडवर्ड जिवंत असतानाचा आहे. तेव्हा ना डिस्पेन्सर कोणाच्या खास मर्जीत होता, ना गिल्बर्ट मरणार हे कोणाला ठाऊक होते. उलट वाटणी लांबली म्हणून सर्वांत जास्त चडफडला तो डिस्पेन्सरच. १३१५ च्या मे महिन्यात त्याने केंटमधला टनब्रिजचा किल्ला परस्पर ताब्यात घेतला, आणि तो त्याला सोडावा लागला. तीन जावयांपैकी ज्याला सर्वांत मोलाचा वेल्श हिस्सा मिळाला, त्याच्यासाठी राजाने वाटणी रोखून धरली होती, असे आपले म्हणणे आहे काय?

माझा मुद्दा साधा आहे. राजाला ही जहागीर हवी होती, ती आपल्या माणसांना द्यायचीही होती, पण ती द्यायला त्याला बहिणींशी लग्ने लावावी लागली. कायदा इतका पोकळ असता तर त्याने सरळ सनद लिहून दिली असती.

जुना वकील :

दोघांनीही वाटणी लांबण्याचे मूळ कारण वगळले आहे, ते म्हणजे अर्लची विधवा मटिल्डा. नवरा गेल्यावर तिने आपण गरोदर असल्याचे सांगितले, आणि पोटातला वारस जन्माला येईपर्यंत बहिणींना काही देता येत नाही ही भूमिका राजदरबाराने घेतली. नऊ महिने उलटले, वर्ष उलटले, तरी भूमिका बदलली नाही. डिस्पेन्सर दाद मागायला गेला तेव्हा त्याला मिळालेले उत्तर वकिलांनी जपून ठेवावे असे आहे : विधवेच्या गर्भाची तपासणी करवून घेण्याचा हुकूम तुम्ही रीतसर मागायला हवा होता, तो मागितला नाहीत, तेव्हा तुमच्या हलगर्जीचे नुकसान तुम्हीच सोसा. निसर्गाने केव्हाच निकाल दिला होता, पण अर्ज विहित नमुन्यात नव्हता.

आमच्या आत्याच्या शेताचा दावा मी स्वतः चालवला होता. तिचे नाव सातबाऱ्यावर होते, हिस्सा ठरलेला होता, आणि तरीही प्रत्येक तारखेला पलीकडून एक नवीन हरकत निघत असे. दरम्यान पीक मात्र जो कसत होता त्याच्या घरी जात होते. जमीन कोणाची हा प्रश्न लांबला की निकाल कोणाच्या बाजूने लागो, लाभ ताबेदाराचाच होतो. येथे ताबेदार राजा होता.

सुमेधा :

मटिल्डाचा उल्लेख आला की तिला कांगावखोर ठरवून पुढे जाण्याची जी रीत आहे, तिचा मला मनापासून कंटाळा आला आहे. तिने खोटे बोलून मिळवले काय, हे कोणी सांगाल का? विधवेचा तिसरा हिस्सा तिला गर्भ असो वा नसो मिळणारच होता. ती अल्स्टरच्या अर्लची, रिचर्ड द बर्गची मुलगी. तिचा भाऊ जॉन हा एलिझाबेथ द क्लेअरचा पहिला नवरा होता, आणि त्यांचा मुलगा विल्यम हा मटिल्डाचा सख्खा भाचा. वाटणी अडली की नुकसान त्याच भाच्याच्या आईचे. शिवाय तिची बहीण स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसची राणी, म्हणजे तिचा नवरा मारला गेला तो तिच्या मेहुण्याच्या सैन्याशी लढताना. अशा अवस्थेतल्या तरुण विधवेने गर्भ राहिल्याचे मानले, त्याची आशा धरली, यात कपट शोधण्यापेक्षा त्या आशेचा वापर कोणी केला हे शोधावे.

जुना वकील :

ताई, मी कोठेही तिला कपटी म्हटलेले नाही. मात्र आशा एक वर्ष टिकते. ती तीन वर्षे टिकत नाही, आणि टिकली तर तिच्यामागे वकील असतो.

सुमेधा :

म्हणजे शेवटी तेच. तीन वर्षे ती स्वतः दरबारात उभी राहून ‘मी गरोदर आहे’ असे म्हणत होती, असे आपल्याला वाटते काय? तिच्या वतीने हे बोलत होते ते राजाचे वकील आणि राजाचे न्यायाधीश, आणि या सगळ्या काळात त्या जमिनीचा महसूल जात होता तो राजाच्या तिजोरीत. १३२० मध्ये ती मेली. स्वतःच्या गर्भाशयावर चाललेल्या या वादात तिचे स्वतःचे एक वाक्य तरी आपल्यापैकी कोणी उद्धृत करू शकेल का? एका बाईच्या पोटाचा आधार घेऊन तीन बायकांचा वारसा अडवला गेला, आणि त्यालाच कोणी स्त्रियांविषयीची उदारता म्हणत असेल तर हसावे की रडावे हे मला कळत नाही.

मोडीवाचक :

सुमेधाताईंशी मी सहमत आहे, आणि त्यांनी माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडला आहे. तळटीप यांना विचारतो : डिस्पेन्सरला ताटकळावे लागले हे मान्य, पण त्याला ताटकळत ठेवून उरलेल्या दोन बहिणींच्या गळ्यात नवरे बांधायला वेळ कोणाला मिळाला? १३१६ च्या आरंभी थिओबाल्ड द व्हर्डनने ब्रिस्टलच्या किल्ल्यातून एलिझाबेथला नेऊन तिच्याशी लग्न केले, तेव्हा तिचा मामा असलेला राजा संतापला तो भाचीच्या काळजीने नव्हे. हाताशी ठेवलेला वारसा परस्पर कोणी उचलल्याचा तो संताप होता.

कार्डिफकर :

या जमिनीच्या उशाशी बारा वर्षे राहतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. केअरफिलीचा किल्ला पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा कललेल्या बुरुजापुढे उभा राहून छायाचित्र काढून घेतो, पण हा किल्ला कोणाच्या जमिनीवर उभा आहे हे विचारत नाही. तुमचा धागाही तसाच आहे. बहिणींचा हिस्सा, विधवेचा हिस्सा, राजाचा हिस्सा. हा मुलूख सेंगहेनिदच्या वेल्श सरदारांचा होता. १२६७ मध्ये या अर्लच्या बापाने, तांबड्या केसांच्या गिल्बर्टने, ग्रिफिथ आप रीस याला हुसकावले आणि पुढच्याच वर्षी किल्ला बांधायला घेतला.

तुम्ही ज्या तीन वर्षांवर वाद घालता आहात, त्याच वर्षांत राजाने नेमलेल्या पेन द टर्बरव्हिलने वेल्श अधिकाऱ्यांना काढून टाकले. ल्यूएलिन ब्रेन हा तिथला वेल्श सरदार तक्रार घेऊन राजाकडे गेला, तेथून धमकी ऐकून परतला, आणि २८ जानेवारी १३१६ रोजी त्याने केअरफिलीवर हल्ला केला. मार्चमध्ये आपल्या माणसांचे प्राण वाचावेत म्हणून तो स्वतःहून शरण आला. वाटणीत ग्लामॉर्गन मिळाल्यावर डिस्पेन्सरने १३१८ मध्ये त्याला लंडनच्या टॉवरमधून कार्डिफला आणून, कोणताही अधिकार नसताना, हालहाल करून मारले. या वाटणीची किंमत कोणी मोजली हे तुमच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

तळटीप :

कार्डिफकरांची कळकळ समजते, पण विषय वारसाहक्काचा आहे. आपण ज्यांच्या बाजूने बोलता, त्या वेल्श रिवाजात जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जात असे आणि मुलींना त्यात काहीच मिळत नसे. पुरुष वारस नसेल तर मुलीला जमीन आणि विधवेला तिचा हिस्सा, ही तरतूद १२८४ च्या रुडलानच्या कायद्याने, म्हणजे इंग्रज राजाने आणली. एलिनॉर आणि तिच्या बहिणी वेल्श घराण्यात जन्मल्या असत्या, तर हा धागाच निघाला नसता.

कार्डिफकर :

तो कायदा राजाने जिंकलेल्या मुलखासाठी होता. ग्लामॉर्गन इंग्लंड-वेल्स सीमेवरची स्वतंत्र जहागीर असल्याने तेथे तो लागू नव्हता. सीमाभागात राजाचा हुकूम चालत नाही, हे तत्त्व आपल्याला अर्लच्या हक्कांसाठी हवे आणि वेल्श लोकांना उपदेश करताना नको, असे कसे चालेल? आणि एखाद्याच्या रिवाजात दोष होता म्हणून त्याची जमीन घेणाऱ्याला हक्क मिळतो, हा युक्तिवाद निदान आपण मराठी माणसांनी तरी करू नये.

तळटीप :

जमीन घेण्याचे समर्थन मी केलेले नाही. माझ्या तोंडी नसलेली वाक्ये घालू नयेत. रुडलानच्या कायद्याची हद्द आपण सांगितली तीच होती, एवढे मान्य करतो, कारण आपण बारा वर्षे तेथे राहून तेवढे तरी मिळवले आहे.

जुना वकील :

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण खरी परीक्षा वाटणीनंतर झाली. डिस्पेन्सरने पहिला डोळा न्यूपोर्टवर ठेवला, आणि ऑडलीला ते देऊन इंग्लंडमधली कमी उत्पन्नाची गावे पत्करावी लागली. मग आले वेल्समधलेच गाउअर. विल्यम द ब्रोझने ते अनेकांना विकण्याचे वायदे केले, जावई जॉन मोब्रेने ताबा घेतला, आणि १३२० मध्ये राजाने ‘आमच्या परवानगीवाचून ताबा घेतला’ म्हणून जप्ती आणली. सीमेवरच्या सरदारांचे म्हणणे होते की त्यांच्या मुलखात अशी परवानगी कधीच लागली नव्हती. मे १३२१ मध्ये हेरफर्डचा अर्ल, रॉजर मॉर्टिमर याच नावाचे काका-पुतणे, ऑडली आणि डॅमरी यांनी न्यूपोर्ट, कार्डिफ, केअरफिली लुटून काढले. ऑगस्टमध्ये डिस्पेन्सर बापलेक हद्दपार झाले, पण पुढच्या मार्चमध्ये बरोब्रिजच्या लढाईत राजाने या सरदारांना हरवल्यावर पारडे उलटले.

डॅमरी त्याच महिन्यात मेला आणि एलिझाबेथला बार्किंगच्या मठात कोंडले गेले. तिच्याकडून अस्क घेऊन बदल्यात गाउअर देण्यात आले, आणि मग ब्रोझकरवी दावा लावून तेही तिच्याकडून काढून घेतले. मे १३२६ मध्ये तिने या सक्तीचा निषेध एका गुप्त दस्तात नोंदवून ठेवला, कारण उघड न्यायालयात जाण्याची सोय नव्हती. दस्त करून ठेवणाऱ्या अशिलाविषयी मला नेहमीच आदर वाटतो.

तळटीप :

आणि तो दस्त कामी आला नाही का? २४ नोव्हेंबर १३२६ रोजी डिस्पेन्सर हेरफर्डला फासावर गेला, आणि लगेच अस्क एलिझाबेथकडे परत आले. ते का आले? डिस्पेन्सरला पाडणाऱ्या राणी इझाबेला (दुसऱ्या एडवर्डची बायको) आणि मॉर्टिमर यांना तिचे प्रेम होते म्हणून नव्हे. ती क्लेअर होती, रक्ताची वारस होती, आणि तो हक्क नवऱ्याच्या मरणाने किंवा बंडाने बुडत नव्हता. पुढे १३६० पर्यंत, चौथे लग्न न करता, तिने स्वतःच्या नावाने कारभार केला, केंब्रिजमधले क्लेअर कॉलेज उभे केले. तिचा हिस्सा नातीकडे, नातीच्या मुलीकडे, तिच्यामार्फत मॉर्टिमर घराण्याकडे आणि अखेर यॉर्क घराण्यामार्फत सिंहासनापर्यंत गेला. राजाच्या मर्जीतली माणसे गेली; बहिणींचा हिस्सा राहिला.

सुमेधा :

एलिझाबेथचे उदाहरण देताना तिच्या बहिणींना विसरू नये. एलिनॉरला नवऱ्याच्या अपराधासाठी टॉवरमध्ये ठेवले. १३२८ मध्ये ग्लामॉर्गन परत मिळाले, तर पुढच्या वर्षी विल्यम ला झूशने तिला पळवून नेऊन लग्न केले आणि राजाचे जवाहीर चोरल्याच्या आरोपाखाली ५०,००० पौंडांच्या दंडापोटी ग्लामॉर्गन पुन्हा हातचे गेले. मार्गारेटची ऑडलीपासून झालेली एकुलती मुलगी १३३६ मध्ये राल्फ स्टॅफर्डने पळवली, आणि न्यूपोर्ट स्टॅफर्ड घराण्यात गेले. म्हणजे व्हर्डन, झूश, स्टॅफर्ड हे तिघेही, तळटीप यांच्या भाषेत, रक्ताच्या हक्काचा आदर करणारेच होते. जमिनीसाठी बाई उचलून न्यावी लागत होती, एवढा तो हक्क पक्का होता.

तळटीप :

आपण हे उपहासाने लिहिले आहे, पण मी ते अक्षरशः मान्य करतो. हक्क पोकळ असता तर बाईला पळवण्याची तसदी कोणी घेतली नसती.

मोडीवाचक :

असे असेल तर मीही एवढे मान्य करतो की हक्क होता. परवाच्या लेखात ‘उदार’ हा शब्द होता. तो त्या सदस्याने मागे घ्यावा, मी ‘राजाच्या मर्जीतल्या माणसांची सोय’ हा माझा शीर्षकातला शब्दप्रयोग १३२७ नंतरच्या एलिझाबेथपुरता मागे घेतो. एलिनॉर आणि मार्गारेट यांच्या बाबतीत घेत नाही.

कार्डिफकर :

आणि ल्यूएलिन ब्रेनच्या मुलांचा हिस्सा? त्यावर कोणीच काही मागे घेतलेले दिसत नाही.